पुरुषांचा आजार

चष्म्याच्या दुकानात तिची तेवीस वर्षं गेली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या नाकावर फ्रेम चढवायची, कानामागची काडी वाकवायची आणि हीच तुम्हाला शोभते असं तोंडभरून सांगायचं, हे तिचं काम. दुकानात सगळे तिला काडीताई म्हणत. अंगानंही ती काडीच होती, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

या कामात एकच वाईट. आरशात गिऱ्हाइकाच्या तोंडाशेजारी आपलंही तोंड दिवसभर दिसत राहतं. चौपन्नाव्या वर्षी तिच्या कपाळावरच्या आठ्या ती चिडलेली नसतानाही हलेनात. त्यात नवा मॅनेजर आला. समोर जरा टवटवीत चेहरे हवेत म्हणाला आणि तिला मागच्या खोलीत भिंगं घासायला बसवायचा त्यानं घाट घातला. स्वतः तो तोंडात मारल्यासारखा दिसायचा, ते सोडा. तिला ते फार लागलं. घरात कुणाला न सांगता तिनं सुरकुत्यांच्या इंजेक्शनांसाठी वेळ घेतली.

तिथल्या दवाखान्यात आधी फॉर्म होता. रक्त लवकर न थांबण्याचा आजार आहे का, या प्रश्नापुढे तिनं 'नाही' लिहिलं. ती खोटं बोलत नव्हती, हेच तर वाईट. आजार घरात होता, पण तो धाकट्या भावाला. तिला नुसता धक्का लागला तरी काळंनिळं व्हायचं, पाळीत ती आठ-आठ दिवस आडवी असायची, दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. पण आईनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं की हा पुरुषांचा आजार, बायका तो फक्त पुढे देतात. कुणीतरी डॉक्टर कधीकाळी तसं बोलून गेला आणि घरानं ती काळ्या दगडावरची रेघ मानली.

इंजेक्शनं घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं आणि निळेपणा पापण्यांपर्यंत उतरला होता. ती रुमाल बांधून तडक दवाखान्यात गेली. इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, त्यामुळे ती जास्तच घाबरली. कपाळ दाबून धरत त्या एकेक विचारत गेल्या. दाढेचं ऐकलं, पाळीचं ऐकलं, शेवटी भावाचं.

"हे आधी कळलं असतं तर रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी सुई लावली नसती," त्या म्हणाल्या. "टेंगूळ उतरेल. पण तपासणी करून घ्या. बायकांनाही हा आजार असतो, ताई. तुम्हाला मुलगी आहे?"

मुलगी होती. तिला सातवा महिना लागला होता. लेकीच्या पहिल्या तपासणीला ती हौसेनं सोबत गेली होती, आणि घरात काही आजार आहे का असं नर्सनं विचारल्यावर लेकीनं तोंड उघडायच्या आत तिनंच ठणकावून सांगितलं होतं की आमच्या बायकांत तसलं काही नाही. हे आठवलं आणि ती तशीच बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर बसून तिनं फोन लावला. कपाटाचं दार लागलं असं घरी सांगायचं तिनं ठरवलं होतं. आता सगळं सांगितलं, इंजेक्शनांसकट. लेक आधी हसली, मग तिनं विचारलं.

"म्हणजे मलाही असेल?"

"असू शकतो. आजच जाऊन रक्त तपासून घे. बाळंतपणाच्या आधी त्यांना कळायला हवं. मी येते."

"आणि मुलगा झाला तर?"

"त्यालाही असू शकतो," ती म्हणाली. हे लेकीला सातव्या महिन्यात, फोनवर, आपल्या तोंडून सांगावं लागलं म्हणून तिला रडू कोसळलं.