ओळखीचं पाणी

मी आज मुलुंडच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा आहे तो माझ्या बहिणीच्या मामेसासऱ्यांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्या गमती ऐकताना कुणाला वाटायला नको की मी त्यांना हसतोय. हसतो, पण ते वेगळं. तापलेली वस्तू गार कशी करावी हे अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा माझ्या मताला किती मान द्यायचा ते तुम्ही बघा.

भावोजींचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. विम्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, राहायला पार्ल्यात, आणि दारात साहेबाच्या राज्यातली एक काळी मोटार. देवगडहून आलो तेव्हा त्यांनी मला बाहेरच्या खोलीत ठेवून घेतलं. पहिल्याच सकाळी मामी स्टोव्हवर मोठं पातेलं उकळत होत्या. मला वाटलं माझ्या आंघोळीचं, म्हणून मी टॉवेल घेऊन जवळ जाऊन उभा राहिलो. "तुझं नव्हे रे ते," मामी म्हणाल्या, "तिचं आहे. आम्ही नळाचं पितो आणि तिला उकळून, गाळून, गार करून." मामा पेपरामागून म्हणाले, "नळाच्या पाण्यानं तिच्या रेडिएटरात थर धरतो. तुझ्या पोटात धरतो का?" "माझ्या पोटात काय धरतं ते या घरात कुणी कधी विचारलंय?" मामी म्हणाल्या, आणि पातेलं उतरवून स्वच्छ फडक्यानं ते पाणी गाळायला बसल्या.

गाडी तापली की नाही हे मामा काट्यावरून बघत नसत. बॉनेटवर उलटा हात ठेवत, पोराला ताप आहे का बघतात तसा. इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओल्या फडक्याची घडी असे, आणि वारा आत जावा म्हणून बॉनेटच्या फटीत नारळाची करवंटी अडकवलेली. अंधेरीच्या हवालदारानं एकदा विचारलं, "ही काय भानगड? नजर लागते काय गाडीला?" मामा म्हणाले, "हवेसाठी आहे. पण नजरेला चालत असेल तर तेही बरंच." एका गोष्टीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. सावलीत उभं करायचं, चहा प्यायचा, दुसऱ्या विषयावर बोलायचं. गाडीविषयी तर अजिबात नाही. "तिच्यासमोर तिचा आजार कशाला काढायचा?"

त्यामुळे त्यांना मुंबईचे रस्ते ठाऊक नव्हते, मुंबईतलं पाणी ठाऊक होतं. साकीनाक्याला एक वेल्डिंगवाला, घाटकोपरला पिठाच्या चक्कीवाला, चेंबूरला कचेरीतला जुना सोबती. जिथे ओळखीची बादली नाही तिथे गाडी न्यायची नाही. कोकणात गाडीनं जायची त्यांना भारी हौस, मला खोदून खोदून घाट विचारायचे, पण ठाण्याची खाडी काही त्यांनी कधी ओलांडली नाही. "पुढे ओळखीचं पाणी नाही रे," म्हणायचे.

संपात कापडगिरण्या बंद पडल्या त्याच्या पुढची ही गोष्ट. जिथे जावं तिथे आपल्याआधी रांग. साकीनाक्याच्या एका शेडमध्ये मला लेथवर हात दाखवायला बोलावलं. काम येत होतं, गावाकडच्या वर्कशॉपात शिकलो होतो. पण चार माणसं बघायला उभी राहिली, मी घाईनं टूल, म्हणजे लोखंड कापायचं पातं, पुढे दाबलं आणि ते तुटलं. मालक म्हणाला, "जा बाबा." नंतर मुलुंडहून बोलावणं आलं. वडिलांनी, आमच्या दादांनी, गावाहून निरोप धाडला होता, या खेपेला नाही जमलं तर सरळ एसटीत बस. आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

त्या सकाळी मामा म्हणाले, "मी सोडतो तुला." माझी वाटच लागली. मामी हळूच म्हणाल्या, "अहो, पोराला बसनं जाऊ द्या. तुमच्याबरोबर दिवाळीपर्यंत पोचेल." मामांनी पाण्याचे डबे गाडीत चढवले, थर्मास माझ्या मांडीवर दिला, आणि उजाडता उजाडता आम्ही निघालो.

साकीनाक्याला थांबलो. मी घड्याळ बघतोय आणि मामा वेल्डिंगवाल्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारतायत. पुढे घाटकोपरला थांबलो. चक्कीवाला बाहेर आला. "काय रे, आज काय झालंय हिला?"

"तू खुर्ची आण आधी. चौकशा नंतर कर."

"तीस वर्षं खुर्चीच आणतोय. आणि बादली?"

"बादली राहू दे."

खुर्ची आली ती माझ्यासाठी. चक्कीवाल्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि आमच्या देवगडच्या हापूसवर बोलायला लागला. रत्नागिरीचा त्याहून सरस, असं म्हणाला. मी ऐकून घेणार होतो होय? चांगला भांडलो.

भांडुपला मामांनी पुन्हा गाडी झाडाखाली घेतली. तिथे तर ओळखीचं कुणीच नाही. मला राहवेना. उतरून पुढे गेलो, बॉनेटवर उलटा हात ठेवला. सकाळच्या गारव्यात, बैलगाडीच्या चालीनं आलेली गाडी. कोमटसुद्धा धड नव्हती.

"मामा, ही तर गार आहे."

"आहेच मुळी," मामा थर्मासमधून चहा ओतत म्हणाले. "घाटकोपरलाही गारच होती." मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळव्यावर आपला उलटा हात ठेवला, बराच वेळ. "हं. अजून थोडा आहे. चहा घे. तो तुमचा हापूस खरंच एवढा गोड असतो?"

कारखान्याचं फाटक उघडायच्या आधी आम्ही तिथे होतो. आत गेल्यावर फोरमन म्हणाला, "चल, कर सुरू." माणसं इथेही उभी होती, मला इथेही घाई सुटली. मी म्हटलं, "साहेब, जरा थांबतो," आणि मशीनला हात न लावता उभा राहिलो, मनात देवगड-रत्नागिरीचं भांडण चालू ठेवून. मग टूल पुढे घेतलं. सावकाश. बाहेर आलो तेव्हा मामा बॉनेट उघडून फडकं ओलं करत होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "बस," म्हणाले, "आता मात्र ही उन्हात खरंच तापलीय."

आता मामांना डोळ्यांनी कमी दिसतं. गाडी ताडपत्रीखाली असते. रविवारी मी जातो, मामी कुरकुरत पाणी उकळून ठेवतात, मी ते भरतो आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. मामा बॉनेटवर उलटा हात ठेवून उभे राहतात, बोलतात भलत्याच विषयावर. गाडी चालवायला मी शिकलोय. एक दिवस त्यांना पुढच्या सीटवर बसवून खाडी ओलांडणार आहे, घाटात प्रत्येक वळणावर थांबत, थेट देवगडला आमच्या दारापर्यंत. पुढे ओळखीचं पाणी नाही म्हणायचे ना. आईला मी सांगून ठेवलंय, उकळून, गाळून, गार करून ठेव. कधी ते आज सांगता येत नाही, पण नेणार आहे.