धुळाजीच्या हवाली

कड्याच्या पलीकडं माळावर जी वस्ती आहे, ती दिवाळी सरली की निम्मी रिकामी होते. ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, कोंबड्या सगळं वर चढतं, चाकापुढं नारळ फुटतो आणि टोळी ऊसतोडीला निघते. मागं राहतात म्हातारी माणसं, कुत्री आणि धुळाजीच्या हवाली केलेली लेकरं.

धुळाजीनं उभी हयात कोयता चालवला. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा घरी बसला. पण घरी बसलेल्या माणसाला काम चिकटायला वेळ लागत नाही. हंगामात मागं राहिलेल्या पोरांना शाळेत दोन वेळचं जेवण मिळतं, ते ठीक आहे. पण रात्री निजवायचं कुणी? तापात कपाळावर हात कुणी ठेवायचा? ते धुळाजी आणि त्याची बायको सुभद्राबाई करतात. स्वतःचं मूलबाळ नाही, त्यामुळं कुणाला वाटतं म्हाताऱ्याला विरंगुळा आहे. असा विरंगुळा एक हंगाम ज्यानं करून पाहिला, त्यालाच कळेल.

ट्रॅक्टर निघताना प्रत्येक आई लेकराचा हात धुळाजीच्या हातात देते आणि खोड्या सांगते. हा झोपेत उठून चालतो, हिला वांगं सोसत नाही. धुळाजी प्रत्येकीला एकच सांगतो, "जवा मागशील तवा माघारी दीन." या एका बोलावर बायका पोटचं लेकरू मागं ठेवून जातात. नाहीतर पूर्वी सगळं बिऱ्हाडच उसाच्या फडावर जायचं. तिकडच्या शाळेत घ्यावं म्हणून गुरुजी पोराच्या हातात कार्ड द्यायचे. कार्ड ट्रंकेत राहायचं आणि पोर उसात.

पालकसभेची तर गंमतच. वर्षाराणी मॅडम ज्या पोराचं नाव घेत, त्याचा पालक म्हणून धुळाजी उभा राही. पुन्हा नाव, पुन्हा उभा. गुडघे करकर वाजू लागले तशा मॅडम म्हणाल्या, "आबा, तुम्ही बसूनच राहा, मी समजून घेते."

"आसं कसं? परत्येकाचा बाप येगळा हाय," म्हणत तो पुढच्या नावाला उठलाच.

या पोरांत रामेश्वर आणि बबिताची सुकन्या होती. सहावीत. आदल्या वर्षी धाकट्या भावाला, गहिनीनाथला, सांभाळायला ती फडावर गेली होती. परत आली तेव्हा वर्ग कुठल्या कुठं गेलेला. मॅडमनी तिला जवळ बसवून पुन्हा वाचायला लावलं. आता कुठं गाडी रुळावर येत होती. यंदा बबिता म्हणाली होती, "राहू द्या तिला. पोराला मी बांधावर झोळी बांधून बघते." पोरगं दीड वर्षाचं.

एका संध्याकाळी रामेश्वरचा फोन आला.

"आबा, गहिनी झोळीतून उतरून पार ट्रॅक्टरच्या वाटंवर गेलतं. डायवरनं बघितलं म्हणून वाचलं. उद्या मुकादमाची जीप येतीय. सुकन्याला बसवून द्या."

रामेश्वर काही कसाई नव्हे. एक लेकरू चाकाखाली जाता जाता राहिलं होतं.

मॅडमना कळलं तशा त्या धावत आल्या. "आबा, पाठवू नका. कायदा आहे. ती आता गेली तर परत वर्गात बसायची नाही."

"कायदा तुमचा हाय मॅडम, पण पोरगी त्याची हाय. आज मी आडून बसलो तर पुढच्या साली कोण ठिवल माझ्यापाशी लेकरं? सगळीच जातेल उसात."

धुळाजीचं खरं होतं आणि मॅडमचंही खरं होतं.

सकाळी सुकन्यानं पिशवी भरली. रडली नाही. कपडे ठेवले, वर पुस्तकं ठेवली. मग पुस्तकं काढून सुभद्राबाईच्या फळीवर नीट रचली.

"कावून काढलीस गं?" धुळाजीनं विचारलं.

"तिथं गहिनी फाडतंय. पुढच्या साली दुसऱ्या कुणाला तरी व्हतेल."

दुसऱ्या कुणाला तरी! एवढीशी पोर निरवानिरव करून मोकळी झाली होती. धुळाजीचा जीव कळवळला. जीप आली, ती त्यानं रिकामीच लावून दिली, आणि रामेश्वरला फोन लावला. हयातीत पहिल्यांदा तो दिलेला शब्द मोडत होता.

"रामेश्वर, पोरगी मी देत न्हाई. लेकरू हिकडं दे माझ्यापाशी."

पलीकडं रामेश्वरनं फोन बायकोच्या हातात दिला. मग बबिताचा आवाज आला. "आबा, आजून आंगावर पितंय ते."

म्हाताऱ्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. सुभद्राबाईनं कपाळावर हात मारला. "आधी मला इचारायचं हुतं." पण फोन तिनं ओढून घेतला नाही. बबिताच पुढं बोलली, सावकाश, "उद्या या. घिऊन जा."

दोघं म्हातारी एसटीनं गेली. बबितानं लेकराबरोबर आपलं वापरलेलं लुगडं दिलं, न धुतलेलं. वासावर झोपंल म्हणाली. तिनं नेहमीसारखा लेकराचा हात धुळाजीच्या हातात दिला. या खेपेला 'जवा मागशील तवा' म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. बबिता मागं न बघता फडात शिरली.

त्या हिवाळ्यात धुळाजी लेकरू खांद्यावर टाकून शाळेच्या ओट्यावर बसू लागला. रडलं की उठून फिरवायचं, आत सुकन्याचं ध्यान विचलित होऊ द्यायचं नाही. मधल्या सुट्टीत ती बाहेर येऊन भावाला खिचडी भरवी. पहिले काही दिवस पोरानं जीव मेटाकुटीला आणला. मग त्याला तिची सवय झाली. इतकी, की ताईच्या कडेवरून खाली उतरेना.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळी परतली. बबिता ट्रॅक्टरवरून उडी टाकूनच आली. दोन्ही हात पसरले. "ये रे माझ्या राजा, ये."

गहिनीनाथनं तिच्याकडं पाहिलं आणि सुकन्याच्या झग्यात तोंड लपवलं. बबिता पुढं झाली तसं त्यानं भोकाड पसरलं.

रामेश्वर ओझं उतरवायच्या निमित्तानं तिकडं वळला. धुळाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हुईल गं सवय, चार दिसात हुईल," तो पुटपुटला. बबितानं पसरलेले हात पदराला पुसले आणि ती अंगणात, लेकरापासून जरा लांब, बसली.

"सुकन्ये," ती म्हणाली, "पुस्तक आण."

सुकन्या बावरली. भावाला मांडीवर घेऊन तिनं धडा उघडला. आधी अडखळली, मग वाचत सुटली. बबिताला अक्षर येत नव्हतं. तिची नजर मांडीवरल्या लेकराच्या पाठीवर होती आणि डोळ्यांना धार लागली होती. धडा संपला.

"आजून वाच," बबिता म्हणाली.