पाळकांबरोबर जाणारा दुसरा माणूस

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी इंद्रपुरीत भरते. पस्तीस-छत्तीस घरं. बहुतेकांचे वडील किंवा आजोबा कारखान्याच्या नोकरीमुळे भोपाळला आलेले. मी मंडळीचा सेक्रेटरी. सभेत कोण काय बोललं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवतो, आणि हे बऱ्याच जणांना आवडत नाही.

आमच्याकडे पूर्वी एक रीत होती. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, घरभेटीला निघाले की बरोबर कमिटीतला एक पंच जायचा. येशूने शिष्यांनाही दोघे-दोघेच पाठवलं होतं, असं जुनी माणसं सांगत. पुढे पंचांचे गुडघे दुखायला लागले, पाळकांकडे मोटारसायकल आली, आणि रीत बंद पडली. कोणी ठरवून बंद केली नाही.

मागचे पाळक चाळिशीचे. बायको नगरला शिक्षिका, मुलं तिच्याजवळ. हे कोलार रोडला भाड्याच्या घरात एकटे. उपदेश उत्तम करत. एकदा मासिक सभा उठता उठता ते म्हणाले, "एक विनंती आहे. घरभेटीला मला एकट्याला पाठवू नका."

"का हो, गल्लीतली कुत्री मागे लागतात?" आमचे मुख्य पंच म्हणाले. ते कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. सगळे हसले.

"कुत्र्यांची भीती नाही," पाळक म्हणाले. "माझीच मला आहे."

हसू थांबलं. मी म्हणालो, "जुनी रीत पुन्हा सुरू करू. मी जाईन बरोबर."

"म्हणजे तुम्ही पाळकांची चौकीदारी करणार?" मुख्य पंच माझ्यावर उखडले. मग आवाज उतरवून पाळकांना म्हणाले, "पाळकसाहेब, असं बोलू नये. बाहेर गेलं तर लोग क्या कहेंगे? प्रार्थना करा, सब ठीक होईल." आणि त्याच सभेत त्यांनी पाळकांना काम दिलं. आमच्या संडे स्कूलच्या शिक्षिकेला नवरा सोडून गेला होता. तिला धीर द्यायला अधूनमधून जात जा.

बाहेर आल्यावर मी पाळकांना म्हणालो, "कमिटीचं सोडा, मी येतो."

"राहू द्या भाऊ. उगाच तुमचं आणि त्यांचं बिनसेल."

बोलताना त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. मदत मागितल्याचं समाधान मिळालं होतं आणि मदत घ्यावी लागली नव्हती. आज लोक म्हणतात, बिचाऱ्यांनी सांगितलं तरी होतं. सांगितलं, एकदा. नंतर मोटारसायकल त्या शिक्षिकेच्या दारात त्यांनीच नेऊन लावली.

काही महिन्यांनी ती आमच्या स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ बसली होती. "वहिनी, ते प्रार्थना करत होते. माझे डोळे मिटलेले होते." पुढचं तिला बोलवेना. ती ओरडली तेव्हा ते रडले, पाया पडले. पुढच्या आठवड्यात परत आले आणि पुन्हा तेच. तिचं मागणं एवढंच होतं: त्यांना कमिटीसमोर विचारा, आणि मुलांचा वर्ग माझ्याकडे राहू द्या. तो वर्ग सोडून तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

कमिटी बसली. पाळकांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं. तरी मुख्य पंचांनी तिलाच विचारलं, "पण ताई, दुसऱ्यांदा दार उघडलंत कशाला?"

"तुम्ही पाठवलं होतं म्हणून."

तेव्हा मी तिच्यासमोर सांगितलं की पाळकांनी आधीच आमच्याकडे काय मागितलं होतं, आणि आम्ही काय उत्तर दिलं होतं. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी? मग मला का नाही सांगितलंत?"

मुख्य पंचांनी समारोपाची प्रार्थना घेतली.

पाळक 'प्रकृतीच्या कारणामुळे' नगरला गेले. निरोपाला हार, शाल सगळं झालं. त्यांची बायको आली होती. ती माझ्या बायकोला विचारत होती, इथे कोणत्या डॉक्टरांना दाखवलं. संडे स्कूलच्या शिक्षिकेला सांगण्यात आलं की काही दिवस आराम करा. वर्ग मुख्य पंचांच्या सुनेकडे गेला. ती उपासनेला यायची बंद झाली, आणि त्याचंही खापर तिच्यावरच फुटलं: बघा, अपराधी मन कसं असतं.

आता नवे पाळक आलेत. जुनी रीत पुन्हा सुरू झाली आहे. मुख्य पंच ती स्वतःची कल्पना म्हणून सगळ्यांना सांगतात. बरोबर मी जातो. काही घरांत माझ्यासाठी खुर्ची आणत नाहीत.

मागच्या गुरुवारी मी नव्या पाळकांना तिच्या घरी नेलं. जाळीच्या दाराआडून तिने आधी त्यांना पाहिलं, मग मला.

"आता दोघं आलात," ती म्हणाली.

पाळकांनी विचारलं, प्रार्थना करू का. ती नको म्हणाली. कडी तिने काढली नाही. आम्ही जिना उतरलो.

खाली आल्यावर त्यांनी विचारलं, "पुढचं घर कुणाचं?"