जर्मनी राहूनच गेलं

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. आणि चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हे सांगताना एकाला ठसका लागला होता.

तर अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या मराठी मंडळात मला भाषण मिळालं. मला! मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. पण गेली कित्येक वर्षं जेवण झालं की जर्मन तत्त्वज्ञान वाचतो आणि डायरीत टिपणं काढतो. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलंही नाही.

विषय ठेवला होता, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा शेजारचे जर्मन काय करत होते? फार सुंदर गोष्ट आहे हो! पॅरिसमध्ये लोक रस्त्यावर उतरले, आणि जर्मनीतले विचारवंत खोलीत बसून स्वातंत्र्य म्हणजे काय याचा विचार करत राहिले. कवी, नाटककार, तत्त्वज्ञ आधी हरखले, मग रक्तपात पाहून हबकले, आणि त्या हबकण्यातून केवढं साहित्य उभं राहिलं! मला फक्त एवढंच सांगायचं होतं.

"सोपं करून सांग," गाडीत बायको म्हणाली. "उदाहरणं दे. नाहीतर लोक जेवण कधी आहे तेच विचारतील."

दिलं उदाहरण! तिथेच घोळ झाला.

"समजा," मी सुरुवात केली, "आपलं मंडळ म्हणजे फ्रान्स. मग राजा कोण? आपले अध्यक्ष!"

हॉल हसला. पहिल्या रांगेत बसलेले अध्यक्ष डॉक्टर वसंतकाकाही हसले. मी अमेरिकेत आलो तेव्हाही तेच अध्यक्ष होते. मला पहिलं अपार्टमेंट त्यांनीच मिळवून दिलेलं.

आता हशा मिळाल्यावर थांबेल तो वक्ता कसला? मी म्हणालो, "मेनू राजा ठरवणार. प्रजा वर्षानुवर्षं मसालेभात खाणार. विचारतंय कोण?"

मला यावरून पॅरिसमधल्या पावाच्या टंचाईकडे वळायचं होतं. पण मागून आवाज आला, "अगदी खरं!"

स्वयंपाक समितीच्या शैलाकाकू उभ्या राहिल्या होत्या. "किती दिवाळ्या सांगतेय, पुरणपोळी करू द्या! ऐकतंय कोण?"

"काकू, ते नुसतं उदाहरण होतं."

"चोख उदाहरण दिलंस! बोल तू, घाबरू नकोस."

"घाबरत नाहीये. मला जर्मनीकडे जायचंय!"

"जर्मनी कुठे पळून चाललंय? नाटकाला पहिली रांग दरवेळी कुणाला मिळते, ते काढ यार!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या! भाषणाला नाही बरं का, पहिल्या रांगेच्या मुद्द्याला.

वसंतकाका उठले. "निनाद, मनात एवढं होतं तर घरी येऊन सांगायचंस."

"काका, माझ्या मनात जर्मनी आहे हो!"

"असू दे, असू दे." त्यांनी छातीवरचा अध्यक्षाचा बिल्ला काढला आणि माझ्या टिपणांवर ठेवला. नेमका जर्मनीच्या पानावर! "हे घ्या तुमचं मंडळ. मी मोकळा."

"मग आता अध्यक्ष कोण?" एकाने विचारलं.

"कोण म्हणजे?" शैलाकाकू कडाडल्या. "ज्याने तोंड उघडलं तो! घे रे तो बिल्ला!"

सगळा हॉल उभा. सगळे माझ्याकडे बघताहेत. वसंतकाकाही बघताहेत. एक तर बिल्ला लावायचा, नाहीतर काकांची माफी मागून तो त्यांना परत द्यायचा. दोनच तर गोष्टी होत्या!

मी पाणी प्यायलो. चष्मा पुसला.

"असं आहे," मी म्हणालो, "घाई नको. मंडळ म्हणजे काय, अध्यक्ष कशासाठी, याचा मुळापासून विचार व्हायला हवा. मी एक सविस्तर टिपण लिहून आणतो."

हॉलमधून असा सुस्कारा निघाला म्हणता! शैलाकाकू खाली बसल्या. वसंतकाका शांतपणे पुढे आले, बिल्ला उचलून त्यांनी पुन्हा छातीवर लावला आणि म्हणाले, "चला, पानं वाढलीत."

मसालेभात होता.

परतताना मी गाडीत धुसफुसत होतो. "एवढा अभ्यास केला! सगळा वेळ फ्रान्समध्येच गेला. जर्मनी राहूनच गेलं."

"राहिलं कुठे?" बायको म्हणाली. "अख्खा हॉल उठून उभा राहिला आणि तू म्हणालास, टिपण लिहून आणतो. जर्मनी याहून सोपं करून कुणी सांगितलं असतं का?"