नववी पास, पण दाखला घेऊन जा

आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की चर्च, नन वगैरे काही नसतं. ज्या शाळेत मुलं टाय लावतात ती कॉन्व्हेंट. मूल या आमच्या तालुक्याच्या गावातल्या अशाच एका शाळेत माझी मुलगी नर्सरीपासून शिकली आणि एप्रिलमधल्या एका दुपारी तिथल्या प्रिन्सिपल मॅडमनी मला आणि तिच्या पप्पांना समोर बसवून सांगितलं, "नववी पास करून देतो, पण दाखला घेऊन जा."

मला हा डाव चांगला ठाऊक होता. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा असतो, त्याचा मोठा फलक बसस्टँडजवळ टांगायचा असतो, म्हणून कच्ची मुलं नववीतच झाडून बाहेर काढायची. नापास केलं तर पालक भांडायला येतात. म्हणून पास करायचं आणि हातात दाखला ठेवायचा. मला हे ठाऊक होतं, कारण झाडून काढलेली ती मुलं दर जूनमध्ये आमच्याकडेच येतात. मी मूलपासून बारा किलोमीटरवरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. अशा मुलांना आमच्या स्टाफरूममध्ये 'कॉन्व्हेंट रिटर्न' म्हणतात. हे नाव मीच पाडलं होतं. सगळे पोट धरून हसले होते आणि त्या दिवशी मला माझ्या विनोदबुद्धीचं फार कौतुक वाटलं होतं.

प्रिन्सिपल मॅडमशी बोलायला म्हणून मी स्कूटीवर येता येता चार इंग्रजी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकच तोंडातून निघालं, "मॅडम, वन चान्स प्लीज." वीस वर्षं झाली, मी पालकांना समोर बसवून त्यांच्या मुलांबद्दल सुनावते आहे. त्या दिवशी मी खुर्चीच्या टोकावर बसून मान हलवत होते. त्यांनी दुसरा मार्गही सांगितला. दाखला नको असेल तर मुलीला पुन्हा नववीत बसवा, लहान मुलांबरोबर. पण पुढच्या वर्षीची खात्री देत नाही. मे संपायच्या आत काय ते कळवा. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं, त्यामुळे तिला काही वेगळं सांगायची गरज पडली नाही.

घरी आल्यावर मी माझ्या शाळेचं नाव काढलं, तसा नवरा म्हणाला, "जिल्हा परिषदेत टाकायचं म्हणतेस? तिथी काय चालते ते आपल्याले माहीत नाई का?"

तो पंचायत समितीत कारकून, मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. आमच्या घरातला भात, पंखा, कूलर, मुलीचा टायसुद्धा तिथल्याच पगारातला. आणि आम्हा दोघांचा तिथल्या शाळेवर काडीचा विश्वास नव्हता. मी त्याला उलटून बोलले, "माहीत आहे म्हणूनच म्हणते." पण ते नुसतं तोंडदेखलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आमची शाळा उभी होती. विज्ञानाची जागा दोन वर्षांपासून रिकामी. गणिताचे सर मतदारयाद्या घेऊन गावभर फिरतात. मी स्वतः निम्मा दिवस कसली तरी माहिती भरत मोबाइलवर बसते. जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची मुलं वाघाच्या भीतीनं शेवटचा तास सोडून घोळक्यानं घरी जातात, आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत अर्धा वर्ग आईबापांबरोबर पानं तोडायला गेलेला असतो. तरी त्यातली काही पोरं दरवर्षी छान पास होतात. ती कशी पास होतात हे मला, त्यांच्या बाईला, नीटसं सांगता येणार नाही.

खरी चूक त्याआधीची होती आणि ती आमच्या घरात झाली होती. मुलगी नर्सरीत असताना शाळेनं पालकांची सभा घेऊन सांगितलं की घरी मराठी बोलू नका, इंग्रजी बोला, नाहीतर मूल मागं पडतं. माझ्यासारख्या मराठीच्या बाईनं हे ऐकून घेतलं आणि वहीत लिहूनही घेतलं. तेव्हा माझे सासरे आमच्याजवळ राहत. राइस मिलमध्ये पोती वाहून त्यांनी मुलाला शिकवलं होतं. हॉलमधल्या निळ्या कोटातल्या फोटोखाली बसून ते नातीला मांडीवर घेत आणि म्हणत, "काय करून राह्यली माय? जेवली का? तुले एक गोष्ट सांगू?" मी एक दिवस त्यांना म्हटलं, "बाबा, तिच्याशी असं बोलू नका. तिची भाषा बिघडते."

"मंग कसं बोलू?" त्यांनी विचारलं.

"जरा शुद्ध बोला. नाहीतर थोडं कमी बोला."

त्यांना शुद्ध जमणारं नव्हतं. ते कमी बोलू लागले. पुढं पुढं तर नातीला नुसतं डोक्यावरून हात फिरवून आपल्या खाटेवर जाऊन बसत. ते जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्याजवळ जंगलाच्या, धानाच्या, मिलच्या किती गोष्टी होत्या आणि त्यातली एकही माझ्या मुलीला माहीत नाही. मी त्या माणसाचं तोंड बंद केलं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

त्याच्या बदल्यात आम्ही तिला काय दिलं? कम, ईट, स्लीप, डोन्ट टच. आम्हा दोघांचं इंग्रजी तेवढंच. तेवढ्या इंग्रजीत मुलाला जेवू घालता येतं, झोपवता येतं. त्याला काही समजावून सांगता येत नाही. मधली जागा हिंदी मालिकांनी आणि मोबाइलनं भरून काढली. मुलगी पटपट बोलायची, अक्षर मोत्यासारखं, कविता पाठ. पाहुण्यांसमोर आम्ही तिला उभं करायचो आणि ती न अडखळता म्हणून दाखवायची. आम्ही खूश, पाहुणे खूश.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी मी कूलरसमोर तिला बसवलं आणि आमच्या नववीचा मराठीचा जुना पेपर दिला. म्हटलं, निबंध लिही, 'आमच्या गावचा बाजार', दहा ओळी पुरे. अर्ध्या तासानं चार ओळी झाल्या. त्यातल्या दोन चक्क हिंदीत होत्या. हातात लाल पेन होतं, सवयीनं मी गोल करत गेले आणि खाली गुण देऊनसुद्धा मोकळी झाले. मग म्हटलं, ठीक आहे, मराठी जाऊ दे, विज्ञान सांग. झाडं अन्न कसं तयार करतात? तिनं डोळे मिटले आणि पुस्तकातला इंग्रजी परिच्छेद कुठंही न चुकता म्हणून दाखवला. मी विचारलं, "म्हणजे काय होतं?" तिनं तोच परिच्छेद पुन्हा म्हटला.

"तसं नाही गं. तुझ्या भाषेत सांग."

तिनं विचारलं, "कोणत्या, मम्मी?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्याच आठवड्यात माझ्या शाळेत निकालपत्रकं द्यायला गेले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई भेटली. मायलेकी दोघी सकाळी पानं तोडून आलेल्या, बोटं काळी पडलेली. तिची पोरगी वर्गात हुशार. काही वर्षांपूर्वी याच बाईनं मला विचारलं होतं, "बाई, पोरीले मूलच्या कॉन्व्हेंटात टाकू का?" आणि मी तिला ठामपणे सांगितलं होतं की काही गरज नाही, आपली शाळा चांगली आहे. तेव्हा तिनं तोंडावर विचारलं होतं, "मंग तुमची काऊन तिथी?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. या वेळी तिनं तो विषय काढला नाही. नुसती म्हणाली, "तुमचं आयकून ठेवली बाई इथीच. बरं झालं." मी तिच्याशी खरं बोलले नव्हते. तिचं भलं झालं ते माझ्या खोटेपणातून झालं आणि माझ्या पोरीचं वाटोळं झालं ते मला जे खरं वाटत होतं त्यातून.

नवऱ्यानं तोवर नागपूरच्या होस्टेलची चौकशी केली, ट्यूशनची केली, एका लांबच्या भावाला फोन करून प्रिन्सिपल मॅडमवर वजन टाकता येतं का तेही बघितलं. रोज संध्याकाळी आमची खडाजंगी व्हायची. तो म्हणे, नववी पुन्हा करू दे, एक वर्ष गेलं तर गेलं. मी म्हणे, जिथून पोरीला हाकललं तिथंच परत हात जोडून उभं करायचं का? आमच्या शाळेत सेमी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतच राहील, बाकीचं मी बघते. एका संध्याकाळी असेच भांडत असताना माझ्या लक्षात आलं की जिच्यासाठी हे चाललंय तिला कुणी काही विचारलेलंच नाही. मी तिच्या खोलीत गेले.

"तुला काय वाटतं? आहे त्याच शाळेत राहायचं की माझ्या शाळेत यायचं?"

ती उशीच्या अभ्र्याचा दोरा ओढू लागली. मग म्हणाली, "इथं मला नाही आलं तर इंग्लिश कठीण आहे असं म्हणता येतं, मम्मी. तिथं पण नाही आलं तर काय म्हणू?"

पंधरा वर्षांच्या पोरीनं हे आधीच विचार करून ठेवलं होतं. आम्ही दोघं शाळा निवडत बसलो होतो आणि ती आपल्याजवळची शेवटची सबब जपून ठेवत होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तिथं मी आहे ना. तिथं येईल." इतक्या खात्रीनं मी आयुष्यात फार कमी वाक्यं बोलले असेन. आणि ते बोलताना मला आतून कसलीच खात्री नव्हती.

दाखला घेतला. जूनअखेर ती माझ्या मागं स्कूटीवर बसून शाळेत येऊ लागली. मी घाबरले होते तसं काही झालं नाही. कुणी तिला चिडवलं नाही. त्या पानं तोडणाऱ्या बाईच्या पोरीनं तिला आपल्या बाकावर जागा दिली, वह्या दिल्या, डब्यातली चटणी दिली. "तुले समजलं नाई त मले विचार," म्हणायची. माझी मुलगी मान हलवायची. विचारायची मात्र नाही, कारण काय समजलं नाही हे सांगायलासुद्धा थोडं समजलेलं असावं लागतं. विज्ञानाची जागा रिकामीच होती. माझ्या तासाला ती भिंतीकडच्या बाजूनं बसून फळ्यावरचं सगळं सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची. रोज संध्याकाळी मी तिला तासभर शिकवायचे. सुरुवातीचे दोन आठवडे शांतपणे, मग आवाज चढवून. एकदा तर मी वही फेकली. तिनं ती उचलून पुन्हा माझ्यासमोर ठेवली आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी झाली, वीस गुणांची. मराठीचे पेपर मी घरीच तपासायला आणले. तिचा पेपर मी मुद्दाम शेवटी ठेवला. प्रश्न मी शिकवलेलेच होते, संध्याकाळी करून घेतलेलेच होते. दोन उत्तरांच्या जागी तिनं प्रश्नच सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढले होते. बेरीज चार झाली. मी पुन्हा केली. मग वर, पहिल्या पानावर, मी सात लिहिले. सातला पास. एवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर वाटले. आमच्याकडे चाचणीचा पेपर घरी न्यायचा आणि पालकांची सही घेऊन परत आणायचा असा नियम आहे. संध्याकाळी मी कणीक मळत होते. ती पेपर घेऊन ओट्याजवळ आली.

"मम्मी, टोटल चुकली. मी मोजले. चार होतात."

"असू दे."

"नाही. चारच होतात."

मी कणीक मळत राहिले. ती बाहेरच्या खोलीत गेली, माझ्या पर्समधून लाल पेन घेऊन आली आणि माझ्यासमोर ओट्यावर पेपर ठेवून तिनं सातावर काट मारली. शेजारी चार लिहिले, नीट, तिच्या त्या सुंदर अक्षरात. चेहऱ्यावर ना राग ना रडू. मग तिनं पेपर उलटा केला, खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"इथं पालकांची सही पाहिजे," ती म्हणाली.

मी हात धुतले आणि सही केली.