गोळ्यावरचा उखाणा

माणसाचं तोंड गोळ्यावर दाखवायची अक्कल ज्याला सुचली, त्याला एकदा पितळी तांब्यात बघून दाढी करायला लावली पाहिजे. मी काय शिकलेला माणूस नाय, चौथीतच शाळा सुटली. पण तांब्यात नाक केवढं दिसतं, ते मला ठाऊक आहे.

झालं असं. गेल्या वर्षी टीव्हीवाले आमच्या गल्लीत आले अन् त्यांनी बायांना उखाणे घ्यायला लावले. मी त्या दिवशी फुलंब्रीला पाहुण्यांकडं गेलेलो. माझ्या बायकोनंही माझं नाव घेतलं म्हणे. आमच्या वेळच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. लग्नात घेतलं होतं तेवढंच, अन् तेही बँडच्या गोंगाटात मला ऐकू आलं नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, "काय म्हणलीस गं?"

"टीव्हीवर लागंल तवा बघा की. लई घाई!" अन् पदर तोंडाला लावून हसली.

ते काय टीव्हीवर लागलं नाय. साधा ताप म्हणता म्हणता दिवाळीच्या आत ती गेली.

यंदा आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुनेच्या फोनवर निरोप आला. शहरात मैदानावर त्या टीव्हीवाल्यांचा लाइव्ह कार्यक्रम आहे, गल्लीगल्लीतले उखाणे चेंडूवाणी गोल अशा मोठ्या पडद्यावर दाखवणार, घरच्यांनी यावं. सून मला मामा म्हणते. म्हणाली, "मामा, आत्याबाई दिसणार." मी धुतलेलं धोतर नेसलो. मला दुसरं काही बघायचं नव्हतं. तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचं होतं, बस.

स्टेजच्या मधोमध तो गोळा. दोन पुरुष उंच, नुसता लखलखत होता. त्याच्यावर मधूनच फुलं फिरायची, मधूनच मासे. उखाण्याचा अन् माशांचा काय संबंध, त्यांनाच ठाऊक. चमकीचा कोट घातलेला निवेदक घटकेघटकेला बोंबलायचा, "संभाजीनगरकरांनो, आवाज येऊ द्या!" अरे बाबा, आवाज तू येऊ दे, आम्ही ऐकायला आलोय. समोर सोफे, सोफ्यांवर पुढारी, पुढाऱ्यांच्या मागं त्यांचे फोन धरणारे. आम्हाला डाव्या अंगाला प्लास्टिकच्या खुर्च्या.

"मामा, आत्याबाई!" सुनेनं माझा दंड धरला.

बघतो तर एक कान. कानातली कुडी तिचीच, ती मी अंधारातही ओळखीन. गालाचा एक तुकडा, लाटलेल्या पोळीवाणी ताणलेला. तोंड पलीकडं, कॅमेऱ्याच्या बाजूला. आमच्या वाट्याला फुलंच. आवाज म्हणाल तर परत बँड. ओठाची एक कड हलली, अन् तिथं दुसरीच बाई आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या? कानाला?

मी उठलो.

"मामा, बसा ना. लोक बघतायत."

"बघू दे. त्यांना तरी दुसरं काय दिसतंय?"

स्टेजच्या कडेला गार्डनं काठी आडवी धरली. "ओ चाचा, किधर चले?"

"मी जन्मभर वाळूजला कंपनीच्या गेटावर वॉचमन होतो. माणूस अडवायचा कसा ते मला शिकवू नको. सोडायचा कवा, ते मी तुला शिकवतो."

तो हसला. काठी खाली घेतली. "जाव चाचा. पर स्टेजपे नक्को."

मागं तंबूत एक बाई कॉम्प्युटर घेऊन बसली होती. गोळ्यावरचं सगळं तीच सोडत होती.

"आजोबा, इथे नका थांबू. लाइव्ह चालू आहे."

"माझी बायको आत्ता तिथून गेली. तोंड दिसलं नाय, शब्द ऐकू आला नाय."

"चेहरा कॅमेऱ्याच्या बाजूलाच ठेवावा लागतो, आजोबा. आणि म्युझिक चालू होतं म्हणून मूळ आवाज बंद केला. घरी टीव्हीवर छान दिसलं असेल."

"मग आम्हाला घरीच राहू द्यायचं. इथं कशाला बोलावलं?"

"टाळ्यांसाठी," ती म्हणाली. त्या सगळ्या पसाऱ्यात तेवढंच एक खरं बोललं गेलं.

मी काय हललो नाय. घरी जाऊन तरी कोणाला तोंड दाखवायचं होतं? कार्यक्रम संपला, पुढारी गेले, मला शोधत सून आली. कामगार गोळा सोडवायला लागले, संत्र्याच्या फोडीवाणी. आत लोखंडी गज अन् वायरींचा गुंता. एवढ्यासाठी माझ्या बायकोचं तोंड ताणलं! मग त्या बाईनं आम्हाला जवळ बोलावलं अन् कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. सपाट, साधं चित्र. आमचं दार, दारातली तुळस, अन् ती. दोन डोळे, दोन कान, जिथल्या तिथं.

"वाळूजच्या गेटावर जागतात रात्र,
घरी आले की घोरतात मात्र..."

अन् पुढं माझं नाव. राव लावून, ठसक्यात. गल्लीतल्या बाया खिदळल्या. मग तोच पदर, तसाच तोंडाला.

"परत लाव, बाई," मी म्हणलो. तिनं लावलं. मी तिसऱ्यांदा काही म्हणायच्या आधीच तिनं ते सुनेच्या फोनवर पाठवून दिलं.

रिक्षात बसल्यावर सुनेला हसू आवरेना. "मामा, खरंच घोरता का हो तुम्ही?"

"घोरणाऱ्याला काय कळतंय? सांगणारी होती, ती गेली."

तिचं हसू थांबलं. मी म्हणलो, "लाव परत."