कडू कंदाची टोपली

बदलापूरच्या पुढे, सोनिवलीच्या अंगाला, पोरांचं एक घर आहे. चोरी-मारामारीत सापडलेली पोरं तिथं ठेवतात. बहुतेक कातकरी, थोडी ठाकर. मी आणि माझी बायको तिथं स्वयंपाकाला होतो; पोरं आम्हाला आजा-आजी म्हणायची. त्याआधी मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात होतो. शिकलो चौथीपर्यंत. लिहिताना चुकेन, पण खोटं लिहिणार नाही.

बायको श्रावणात गेली. दिवाळी उलटली तरी मी सगळ्यांना वाढायचो आणि स्वतः चहावर राहायचो. कोणी बोललं की खेकसायचो.

एक कातकरी पोरगा होता, बंद कंपनीतली तांब्याची तार काढताना धरलेला. महिन्याभरात सुटणार होता. पण एकदा जरी पळाला तर थेट कुलपातल्या मोठ्या सुधारगृहात रवानगी, हे त्यालाही ठाऊक होतं.

एका संध्याकाळी त्यानं कुंपणाजवळचे कंद उकरले, चकत्या केल्या आणि पातेल्यात चुलीतली राख टाकून उकडत बसला.

"गाढवा, माणसं राख खातात का?"

"कडू कंद हाय, आजा. राखेत उकडायचा, मंग रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. आजीला आवडायचा."

"तिचं नाव काढू नको. उचल ही घाण!"

त्यानं उचलली. पातेलं घेऊन बाहेर गेला.

सकाळी त्याची चटई रिकामी. हजेरीची वही माझ्याकडे, साहेब यायची वेळ झालेली. गैरहजर लिहिलं की पोरगा गेला. बायको असती तर म्हणाली असती, तुम्हीच हाकललंत त्याला. आणि खरंच होतं ते. पेन हातात धरून मी दारात उभा राहिलो.

तेवढ्यात ओढ्याकडून आला. ढोपरापर्यंत भिजलेला, डोक्यावर टोपली.

"कुठं मेला होतास?"

"ओढ्यावर. तुमीच बोल्लात उचल, म्हणून रातीच टोपलीत घालून पाण्यात ठेवला. खेकडं खातील म्हणून पहाटं जाऊन राखत बसलो."

"मला वाटलं पळालास."

"पळायला टोपली कशाला लागते, आजा?"

सगळी पोरं खिदळली. मीही हसलो असेन.

मीठ-मिरची लावून त्यानं माझ्यापुढे ताटली ठेवली आणि समोर बसून राहिला. मी खाल्ला. अजिबात कडू नव्हता. आणखी मागून घेतला. मग वहीत त्याच्या नावापुढे हजर लिहिलं.

तो महिन्यानं सुटला. आता अंबरनाथ पश्चिमेला गॅरेजात आहे. लोक म्हणतात, तुम्ही या पोरांना सुधारलंत. डोंबल! मी नुसता भात शिजवला. मला पुन्हा ताटावर बसवलं ते त्या पोरानं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.